अचलपूरचा मुक्काम: देवगिरी कशी पडली, मंगोल कसे अडले

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला मिठाच्या पोत्यांची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, रामदेवराव यादव गडावर जाऊन बसला, धान्याची म्हणून घाईघाईने वर चढवलेली पोती फोडली तर आत मीठ निघाले, उपासमारीची वेळ आली आणि राजा शरण गेला. साल १२९६. जुन्या फार्सी इतिहासात ही हकीकत आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक गोम आहे. पोत्यात हात घालून पाहायलाही फुरसत मिळू नये, एवढी धांदल का उडाली? शत्रू शेजारच्या गावातून आलेला नव्हता. गंगेच्या काठावरून निघून, विंध्य, नर्मदा आणि सातपुडा ओलांडून तो आला होता. हजार किलोमीटरच्या घरातली वाट. या वाटेवर त्याला कोणी पाहिले नाही का? पाहिले असेल, तर राजाला वेळेवर कळले का नाही?

या प्रश्नाचे उत्तर देवगिरीत शोधून पुरेसे सापडत नाही. ते अमरावती जिल्ह्यातल्या अचलपुरात सापडते. आणि ते नीट समजून घेतले की आणखी एक कोडे सुटायला लागते. चीनपासून हंगेरीपर्यंतचा मुलूख पालथा घालणारे मंगोल त्याच काळात दिल्लीच्या वेशीपर्यंत आले होते. मग वऱ्हाडात त्यांची एकही टोळी का उतरली नाही?

मंगोल स्वाराचे बळ

आधी मंगोलांची लढाई चालायची कशी, ते पाहू. चंगीझखानाने १२०६ मध्ये गवताळ प्रदेशातल्या टोळ्या एकत्र केल्या. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्या वंशजांनी मध्य आशिया, इराण आणि रशिया घेतला, १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त केले. संख्येने ते फार मोठे नव्हते. त्यांचे बळ वेगात होते.

मंगोल स्वार एका घोड्यावर मोहिमेला निघत नसे. त्याच्यामागे आणखी दोन-तीन, कधी त्याहून जास्त घोडे असत. एक दमला की दुसऱ्यावर मांड. त्यामुळे जिथे पायदळ आणि सामानाचे बैल दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर सरकत, तिथे मंगोल तुकडी त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर तोडी. फौजेची रचना दहाच्या पटीत होती: दहा, शंभर, हजार, दहा हजार. प्रत्येक दहांवर एक नाईक. हुकूम वरून खाली पोचायला वेळ लागत नसे आणि तुकडी फुटली तरी पुन्हा जुळत असे. हातात लाकूड, शिंग आणि स्नायूतंतू चिकटवून केलेले आखूड धनुष्य. ते धावत्या घोड्यावरून, मागे वळूनही चालवता येई.

यातूनच त्यांचा सर्वांत घातक डाव तयार झाला. हरल्याचे सोंग करून पळायचे. कबड्डीत चढाई करणारा गडी दमल्यासारखा मध्यरेषेकडे सरकतो, बचावातला एखादा उतावळा साखळी सोडून त्याच्यावर झेपावतो आणि नेमका तोच बाद होतो, हे ज्यांनी मैदानावर पाहिले आहे त्यांना हा डाव लगेच कळेल. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये ज्या खेळाची प्रात्यक्षिके थेट बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये केली, त्या खेळाचे हे मर्मच आहे. मंगोल पळत, पाठलाग करणारे पांगत, घोडे दमत, आणि मग दोन्ही अंगांना दडून बसलेल्या ताज्या तुकड्या त्यांना वेढा घालत.

हे मंगोल १२२१ मध्ये सिंधूपर्यंत आले. १२४१ मध्ये त्यांनी लाहोर लुटले. १२८५ मध्ये सुलतान बल्बनचा थोरला मुलगा महंमद त्यांच्याशी लढताना मारला गेला. कवी अमीर खुसरो त्या वेळी त्यांच्या हाती सापडला होता. दिल्लीच्या सुलतानांचे दोन पिढ्यांचे सगळे लक्ष त्यामुळे वायव्येकडे लागलेले होते. मुलतान, दीपालपूर, समाना या ठाण्यांवर निवडक फौज ठेवावी लागे. चांगले घोडे ज्या मुलुखातून खुश्कीने येत तो मुलूखही आता मंगोलांच्या हातात होता. सततच्या या भयाने दिल्लीची फौज मात्र तयार झाली. वेगाने कूच करणे, हेर पुढे पाठवणे, शत्रूच्या कानावर खोटी बातमी घालणे हे सारे तिच्या अंगवळणी पडले.

देवगिरीच्या यादवांपुढे असा शत्रू कधी आलाच नव्हता.

सुखवस्तू राज्य

रामदेवराव १२७१ मध्ये गादीवर आला. त्याचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या शेवटी याच राजाचा आदराने उल्लेख आहे. वऱ्हाड यादवांच्या ताब्यात पूर्वीपासून होते. दुसऱ्या सिंघणाचा पराक्रमी सेनापती खोलेश्वर याच्याशी अमरावतीजवळच्या खोलापूरचे नाव जोडले जाते. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीचे कालंकादेवीचे मंदिर पाहिले की त्या काळी या मुलुखात किती पैसा आणि किती कसबी पाथरवट होते याची कल्पना येते. आणि अचलपूर? महानुभावांच्या ग्रंथांतले अळजपूर ते हेच. चक्रधरस्वामींच्या लीळांत या गावाचा उल्लेख येतो, आणि जवळच्या रिद्धपुरात गोविंदप्रभूंचा वास होता. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव आडवाटेवरचे खेडे नव्हते. उत्तरेकडून घाट उतरून येणाऱ्या वाटेचे ते नाके होते.

यादवांच्या लढाया होत त्या होयसळांशी, काकतीयांशी, माळव्याच्या परमारांशी, गुजरातेशी. हे सगळे शेजारी एकाच पद्धतीने लढत. फौज जमवायची, हत्ती पुढे काढायचे, पायदळ चालवायचे. अशी फौज निघाली की तिची बातमी तिच्या कितीतरी आधी पोचते, कारण तिचा वेग बैलाच्या चालीने ठरतो. यादवांच्या बातमीची सारी व्यवस्था या वेगाला पुरणारी होती, आणि इतकी वर्षे ती पुरलीही होती.

कड्याचा सुभेदार

अलाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. दिल्लीच्या गादीवर त्याचा चुलता आणि सासरा जलालुद्दीन खिलजी होता. अलाउद्दीनकडे आजच्या प्रयागराजजवळच्या कड्याचा सुभा होता. काही वर्षांपूर्वी त्याने भेलशावर, म्हणजे विदिशेवर, छापा घातला होता. तिथे देवगिरीच्या संपत्तीची वर्णने त्याच्या कानावर आली. गादी मिळवायची तर फौज हवी, फौजेला पैसा हवा. हा पैसा दिल्लीला न कळता मिळवायचा, एवढे त्याने ठरवले.

फेब्रुवारी १२९६ च्या अखेरीस तो निघाला. चंदेरीवर जातो, असे त्याने सांगितले होते. कड्याला मागे ठेवलेला त्याचा विश्वासू अलाउल्मुल्क सुलतानाला अधूनमधून धीराच्या, गुळमुळीत बातम्या पाठवत राहिला. हे आपल्याला नेमके माहीत आहे, कारण इतिहासकार झियाउद्दीन बरनी हा या अलाउल्मुल्काचा सख्खा पुतण्या. घरातली गोष्टच त्याने लिहून ठेवली.

सोबत किती फौज होती? बरनीचा आकडा तीन-चार हजार स्वार आणि दोन हजार पायदळाचा आहे. इतिहासकार फरिश्ता तीनशे वर्षांनी लिहितो आणि आठ हजार स्वार म्हणतो. वादात न शिरता मोठा आकडा घेऊन एक हिशेब करून पाहू, कारण सारी मोहीम या हिशेबावर उभी होती. राबणाऱ्या घोड्याला वैरणीशिवाय रोज चार किलो तरी दाणा लागतो. आठ हजार घोडे म्हणजे रोजचे ३२० क्विंटल. दहा दिवसांचे ३,२०० क्विंटल. एवढा दाणा बैलांवर लादून न्यायचा म्हटले तर वेग संपला. म्हणजे दाणा वाटेतच मिळायला हवा, आणि तो बिनबोभाट मिळायला हवा.

आता महिना पाहा. फाल्गुन-चैत्राचे दिवस. हरभरा, गहू नुकता निघालेला, खळ्यावर रास, बाजूला कुटाराचे ढीग, गंजीला कडबा. नद्यांचे पाणी उतरलेले, नर्मदेला उतार सापडतो. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती वाळून टणक झालेली, घोड्याची टाप रुतत नाही. हीच माती मृगाचे दोन पाऊस पडले की घोड्याला गुडघ्यापर्यंत धरून ठेवते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. अलाउद्दीनजवळ साडेतीन महिन्यांची मुदत होती आणि त्याने ती पुरेपूर वापरली. जूनच्या सुरुवातीला तो कड्याला परतही पोचला होता.

अचलपुरात पेरलेली अफवा

सातपुडा उतरून फौज अचलपूरला आली आणि थांबली. धाड घालायला निघालेली फौज शत्रूच्या मुलुखात थांबते कशासाठी? घोड्यांना विसावा हवा होता, दाणा हवा होता. त्याहूनही एक गोष्ट हवी होती. आपण पुढे सरकू त्याच्या आधी देवगिरीला कोणती बातमी पोचावी, हे त्याला ठरवायचे होते.

त्याने सांगायला सुरुवात केली की चुलत्याशी आपले फाटले आहे, दिल्लीचा आश्रय सुटला, आता तेलंगणात राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी धरायला निघालो आहोत.

ही थाप इतकी चपखल का बसली? त्या काळात रुसलेला सरदार आपली माणसे घेऊन दुसऱ्या दरबारी जाणे ही नित्याची गोष्ट होती. राजमहेंद्री आग्नेयेला, म्हणजे देवगिरीच्या अगदी दुसऱ्या अंगाला. अशा पाहुण्या फौजेशी कुरापत काढण्यापेक्षा तिला दाणा-वैरण विकून वाटेला लावणे कोणत्याही ठाणेदाराला शहाणपणाचे वाटणार. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की बातमी ही घोड्याच्या वेगानेच जाते. पहिला जासूद 'वाटसरू फौज आहे' असे सांगत गेला. ती खोटी ठरवणारा दुसरा जासूद निघाला असेल, तर तो अलाउद्दीनच्या स्वारांच्या जेमतेम पुढे असणार. अचलपूर ते देवगिरी अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. रोज तीस-चाळीस किलोमीटर तोडणाऱ्या स्वारांना आठ-दहा दिवसांचे काम. एवढ्या अवधीत दूर गेलेले सैन्य परत बोलावता येत नाही.

आणि सैन्य दूरच गेले होते. राजपुत्र शंकरदेव, ज्याला काही फार्सी लेखक सिंघण म्हणतात, मुख्य फौज घेऊन बाहेर होता. अलाउद्दीनला हे आधीच माहीत असावे असे मला वाटते. इतके अचूक गणित निव्वळ दैवाने जुळत नाही.

घाटातली झुंज आणि धुळीचा लोट

देवगिरीच्या अलीकडे घाटी लाजौरा नावाच्या ठिकाणी पहिला प्रतिकार झाला. काही अभ्यासक हे आजचे लासूर मानतात. तिथल्या कान्हा नावाच्या अधिकाऱ्याने वाट अडवली. त्याच्या बाजूने दोन स्त्रिया सैन्य घेऊन लढल्या आणि त्यांनी तुर्की स्वारांना मागे रेटले, असे इसामी सांगतो. हा इसामी दौलताबादेत राहिलेला, चौदाव्या शतकाच्या मध्याला लिहिणारा. शत्रूपक्षाच्या लेखकाने या दोघींना वाघिणींची उपमा द्यावी, यातच त्या झुंजीचे मोल आले. त्यांची नावे मात्र त्याने नोंदवली नाहीत, आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत मिठाच्या पोत्यांना जागा मिळाली तशी या दोघींना मिळाली नाही. ही उणीव भरून काढायला हवी.

कान्हा पडला. रामदेवरावाने हाताशी होते ते दोन-चार हजार लोक घेऊन सामना करून पाहिला आणि गडावर माघार घेतली. त्याच गडबडीत पायथ्याशी पोती सापडली. फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची होती. धाडीच्या भीतीने ते माल टाकून पळाले होते. ज्या गडाला वेढा पडण्याची आठवड्याभरापूर्वी कोणाला शंकाही नव्हती त्याच्या कोठारात दाणा कमी असणारच.

अलाउद्दीनने दुसरी अफवा सोडली: मी आघाडी आहे, मागून दिल्लीचे वीस हजार स्वार येत आहेत. रामदेवराव वाटाघाटीला तयार झाला. खंडणी ठरली. आणि निघण्याच्या सुमारास शंकरदेव फौजेसह येऊन पोचला. बापाने तह मोडू नको म्हणून निरोप पाठवला, तो त्याने मानला नाही.

मग जी लढाई झाली तीच निर्णायक. अलाउद्दीनने हजार स्वार देऊन मलिक नुसरतला गडाच्या नाकेबंदीवर ठेवले आणि उरलेल्यांसह तो शंकरदेवावर गेला. मराठी फौज संख्येने जास्त होती. तिने तुर्की रांगा मागे ढकलल्या; अलाउद्दीनचे लोक पांगायच्या बेतात आले. तेवढ्यात नुसरत गडाखालची जागा सोडून आपल्या हजार स्वारांसह रणाकडे दौडत सुटला. उन्हाळ्याची कोरडी जमीन. हजार घोड्यांच्या टापांनी उठलेली धूळ दुरून पाहणाऱ्याला हजाराची आहे की वीस हजारांची, हे सांगता येत नाही. शंकरदेवाच्या लोकांच्या कानांवर वीस हजारांची बातमी आधीच पडलेली होती. दिल्लीची फौज आली असे समजून जिंकत आलेली बाजू मोडली.

अफवेने सुरू झालेली मोहीम अफवेनेच संपली. पोती धान्याची असती तर गड आणखी काही आठवडे तगला असता, कदाचित पावसाळ्याने अलाउद्दीनला हुसकावलेही असते. म्हणून मिठाचा वाटा मी शून्य मानत नाही. पण पोत्यात काय आहे हा प्रश्न उभा राहिला तो बातमी उशिरा आली म्हणून.

तहाच्या अटी फरिश्त्याने दिल्या आहेत: सहाशे मण सोने, हजार मण चांदी, सात मण मोती, दोन मण रत्ने, चार हजार रेशमी वस्त्रे. त्या काळचा मण आपल्या चाळीस शेरी मणापेक्षा बराच लहान होता, तरी ढीग डोळे दिपवणाराच. याशिवाय एक अट वऱ्हाडाशी बांधलेली होती. अचलपूर आणि त्याखालच्या मुलुखाचा महसूल दरवर्षी अलाउद्दीनकडे पाठवायचा.

| एका नजरेत |
|---|
| १२२१: चंगीझखान सिंधूकाठी |
| १२५८: मंगोलांकडून बगदादचा पाडाव |
| १२९६: अलाउद्दीन अचलपूरमार्गे देवगिरीवर, त्याच वर्षी दिल्लीची गादी |
| १२९९: दिल्लीजवळ कीलीची लढाई |
| १३०३: तर्घीची दिल्लीला नाकेबंदी |
| १३०५: अमरोह्याला मंगोलांचा मोठा पराभव |
| १३०७-०८: मलिक काफूर देवगिरीवर |

सोने गेले कुठे

परतल्यावर जुलै १२९६ मध्ये अलाउद्दीनने भेटीला आलेल्या चुलत्याचा खून करवला आणि दिल्लीकडे निघाला. पावसाळा होता, नद्या भरल्या होत्या, आणि वाटेत तो माणसे गोळा करत होता. कशी, ते बरनी सांगतो. मुक्कामाच्या ठिकाणी एक लहान मंजनीक उभारली जाई. मंजनीक म्हणजे किल्ल्याच्या भिंतीवर दगड फेकण्याचे यंत्र. या यंत्रातून रोज पाच मण सोन्याचे तुकडे जमलेल्या गर्दीवर उधळले जात. देवगिरीच्या सावकारांनी, देवस्थानांनी, राजघराण्याने पिढ्यान्‌पिढ्या साठवलेले सोने असे गंगा-यमुनेच्या दुआबात पाऊसपाण्यात सांडत गेले आणि फौज फुगत गेली.

गादी मिळताच मंगोल समोर उभे राहिले. १२९९ मध्ये मध्य आशियाचा मंगोल अधिपती दुवा याचा मुलगा कुत्लुग ख्वाजा थेट दिल्लीवर आला. या वेळी वाटेतली गावे लुटत बसायचे नाही, राजधानी घ्यायची, असा त्याचा बेत होता. कीली येथे लढाई झाली. अलाउद्दीनचा सर्वांत शूर सेनापती जफरखान पळणाऱ्या मंगोलांच्या मागे लागला, फार पुढे गेला आणि दडून बसलेल्या तर्घी या मंगोल सरदाराच्या तुकडीने त्याला वेढून मारले. पळण्याच्या सोंगाचा तोच जुना डाव. तरीही मंगोल परत गेले.

चार वर्षांनी जे घडले ते वाचताना देवगिरी डोळ्यांपुढे उभी राहते. १३०३ मध्ये अलाउद्दीन चितोड घेऊन नुकताच परतला होता, फौज थकलेली, घोडे मेलेले. दुसरी फौज वरंगळवर गेली होती, ती मोडून परत येत होती. आणि तर्घी अचानक दिल्लीबाहेर येऊन उतरला. सैन्य बाहेर, शत्रू दारात, तयारीला वेळ नाही. रामदेवरावावर जी वेळ अलाउद्दीनने आणली होती, हुबेहूब तीच त्याच्यावर आली. त्याने सिरी येथे खंदक खणून, लाकडी अडसर उभे करून छावणी आवळून धरली. यमुनेचे उतार मंगोलांनी रोखले, धान्याचे तांडे यायचे बंद झाले. सुमारे दोन महिने असे गेले आणि तर्घी निघून गेला. लोकांनी श्रेय निजामुद्दीन औलियांच्या दुव्याला दिले.

अलाउद्दीन मात्र यातून एक गोष्ट पक्की शिकला. राजधानी वाचवायची तर फौज कायम जवळ हवी आणि कोठारे कायम भरलेली हवीत.

फौज, पगार आणि हरभऱ्याचा भाव

यानंतरच्या सुधारणा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना फार आवडतात, पण त्यांच्या मुळाशी मंगोलांची भीती होती. पायरीपायरीने पाहू. कायमची मोठी फौज ठेवायची म्हणजे स्वारांना रोख पगार द्यायचा. बरनी स्वाराचा वर्षाचा पगार २३४ टंके सांगतो, दुसरा घोडा असेल तर आणखी ७८. लाखोंच्या फौजेला याहून जास्त दिले तर देवगिरीचा खजिनाही पाच-सहा वर्षांत रिता झाला असता. मग एवढ्या पगारात स्वाराचे घर आणि घोडा पोसला गेला पाहिजे. म्हणजे बाजार आवरला पाहिजे. गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल, हरभऱ्याचा पाच जितल असा बांधून दिला गेला. हरभरा का महत्त्वाचा? तो घोड्याचा दाणा. दुआबातला शेतसारा धान्याच्या रूपाने घेऊन सरकारी कोठारे भरली, म्हणजे पाऊस हुकला किंवा वेढा पडला तरी भाव चढू नये. एकच घोडा दोनदा दाखवून पगार उचलता येऊ नये म्हणून घोड्यांना डाग देणे आणि स्वाराच्या चेहऱ्यामोहऱ्याचे वर्णन नोंदवणे सुरू झाले.

या तयारीचे फळ १३०५ च्या डिसेंबरात मिळाले. अली बेग आणि तर्ताक यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या मंगोलांना अलाउद्दीनच्या फौजेने अमरोह्याजवळ गाठले. अमीर खुसरो तिच्या सेनापतीचे नाव मलिक नायक देतो. दोघे मंगोल सरदार जिवंत पकडले गेले. मेलेल्या मंगोलांचे वीस हजार घोडे हाती आले, असे बरनी म्हणतो. दुसऱ्या वर्षी रावीच्या काठी आणखी एक स्वारी मोडली. मग दुवा वारला, मध्य आशियात मंगोलांची आपसांत जुंपली, आणि अलाउद्दीनच्या उरलेल्या कारकिर्दीत ते मोठ्या संख्येने परत आले नाहीत.

मंगोल वऱ्हाडात का पोचले नाहीत, याची कारणे अशी एकात एक गुंतलेली आहेत. त्यांचे घोडे चराऊ गवतावर पोसलेले. थंडीत यायचे आणि उन्हाळा तापायच्या आत परतायचे, हा त्यांचा क्रम. दिल्लीच्या पुढे हजार किलोमीटर चालून पूर्णेच्या खोऱ्यात उतरायचे तर त्यांना उन्हाळा इथेच काढावा लागला असता. त्यांच्या पाठीमागे घरची भांडणे होती. पण दिल्लीत त्यांना रोखणारी फौज नसती, तर ऋतूचा अडसर त्यांनी एखाद्या ठाण्यावर मुक्काम ठोकून काढला असता. चीनच्या दक्षिणेत त्यांनी तसे करून दाखवले होते. ती फौज उभी राहिली तिचे पहिले भांडवल देवगिरीचे होते, आणि अचलपूरचा महसूल त्यात वर्षाकाठी भर घालणारा होता. हा निष्कर्ष माझा आहे, पण बरनीच्या हकिकती ओळीने लावल्या की तो टाळता येत नाही. उत्तर हिंदुस्थान मंगोलांपासून वाचला, त्याची किंमत काही अंशी वऱ्हाडाने मोजली.

धाडीनंतरचे वऱ्हाड

पुढे अचलपूरचा महसूल थांबला. तो वसूल करायला १३०७-०८ मध्ये अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला. रामदेवरावाला दिल्लीला नेले, तिथे त्याला मानाने वागवले, रायरायान ही पदवी देऊन परत पाठवले. त्यानंतर वरंगळ आणि द्वारसमुद्रावर गेलेल्या दिल्लीच्या फौजांना दाणागोटा देवगिरीहून पुरवला जाऊ लागला. बापामागून गादीवर आलेल्या शंकरदेवाने खंडणी नाकारली आणि तो १३१३ मध्ये मारला गेला. १३१८ च्या सुमारास रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याचा बंडाबद्दल अमानुष छळ करून वध झाला, आणि यादवांचे राज्य संपले.

अचलपूरची वाट मात्र फौजांना माहीत झाली ती कायमची. बाळापूरला १७२० मध्ये, साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये, अडगाव आणि गाविलगडला १८०३ मध्ये ज्या लढाया झाल्या, त्या वऱ्हाडातच झाल्या. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधला हा सपाट, सुपीक पट्टा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध पडतो. दाणा, पाणी आणि मोकळी जमीन एकाच ठिकाणी मिळते.

गावोगावच्या माणसांवर या धाडींनी काय आणले, ते दरबारी लेखकांनी लिहिले नाही. त्याची एक खूण मात्र रिद्धपूरच्या परंपरेत उरली आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने माणसांना गाठून, विचारून, पारखून गोळा केल्या, तो 'लीळाचरित्र' हा ग्रंथ रिद्धपुरात तयार झाला. महानुभाव परंपरा सांगते की 'खालशाची धाड', म्हणजे दिल्लीच्या फौजेची धाड, आली तेव्हा पळापळीत या ग्रंथाची मूळ प्रत गेली. पुढे शिष्यांनी एकमेकांच्या पाठांतरावरून तो पुन्हा लिहून काढला. हिराइसा नावाच्या स्त्रीची स्मरणशक्ती त्यात विशेष कामी आली, आणि तिच्या नावाचा पाठ आजही वेगळा ओळखला जातो. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाचे इतके पाठभेद का आहेत, असे कोणी विचारले तर त्याच्या उत्तरात अचलपूरच्या घाटातून उतरलेल्या या घोडदळाचे नाव घ्यावेच लागते.